व्हिनिअरवर फ्रेंच पॉलिश : आधी तयारी, मग चमक

आमचा धंदा कापडाचा. मग सुतारकामावर आम्ही का लिहावे, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. जव्हार-मोखाड्याकडचे सुतार आणि पॉलिशवाले बंधू मलमलीचे तुकडे न्यायला आमच्याकडे येतात आणि बोलता बोलता अडचण सांगतात. कपाट तयार झाले, गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचले आणि पहिल्याच पावसाळ्यात पॉलिशवर पांढरी झाक आली, कुठे डाग उमटले. गिऱ्हाईक उरलेली रक्कम अडवून धरते. मेहनतही जाते आणि नावही जाते. दोष चपडीवर ढकलला जातो, पण आमच्या पाहण्यात खोट बहुतेक वेळा पॉलिशच्या आधीच्या कामात असते.

भरीव सागवान आता साध्या गिऱ्हाइकाच्या आवाक्यात राहिलेले नाही. म्हणून प्लायवर सागाचे व्हिनिअर लावून काम होते. हा थर साधारण अर्धा मिलिमीटर जाड. भरीव लाकडावर काही बिघडले तर रंधा मारून पुन्हा सुरुवात करता येते. व्हिनिअरवर ती सोय नाही.

ओल हा पहिला शत्रू

जव्हारला पूर्वी ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर म्हणत. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, पण पाऊस आणि धुके तेच आहे. वखारीतून आणलेला प्लाय भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवू नये. खाली पट्ट्या घालून, हवा लागेल असा काही दिवस आडवा ठेवावा. फेविकॉलसारख्या सरसात पाणी असते. ते व्हिनिअरमध्ये मुरते. म्हणून चिकटवल्यावर किमान दोन-तीन दिवस, पावसाळ्यात त्याहून जास्त, पॉलिशची घाई करू नये.

चपडी स्पिरिटमध्ये विरघळवलेली असते. स्पिरिट झपाट्याने उडते तेव्हा पृष्ठभाग गार होतो आणि दमट हवेतले पाणी त्यावर बसते. पांढरी झाक येते ती यामुळे. धुक्याच्या सकाळी आणि पावसाच्या झडीत हात आवरावा. कोरडे ऊन पडले की दुपारी काम करावे.

घासकाम

बाहेर आलेला सरस ओल्या फडक्याने लगेच पुसावा. वाळलेला सरस डोळ्यांना दिसत नाही, पण तिथे रंग आणि पॉलिश धरत नाही. घासण्याआधी स्पिरिटचे फडके एकदा फिरवावे. जिथे लाकूड गडद न होता फिकट राहील, तिथे सरस आहे असे समजावे.

रंधा आणि जाड पॉलिश पेपर व्हिनिअरला लावूच नये. १५० किंवा १८० नंबरने सुरुवात करून २२० वर यावे. पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळावा आणि रेषांच्या दिशेनेच चालवावा. आडवा ओरखडा कच्च्या लाकडावर दिसत नाही, पॉलिश चढल्यावर मात्र उठून दिसतो. कडा आणि कोपऱ्यांवर हात हलका हवा, कारण खालचा प्लाय एकदा दिसला की त्यावर इलाज नाही.

सागाची छिद्रे उघडी असतात. ती चॉक पावडरने भरतात, पण नुसती पांढरी पावडर वापरली तर पुढे छिद्रांत पांढरे ठिपके दिसतात. तिच्यात लाकडाच्या रंगाची माती किंवा रंग मिसळावा, रेषांना आडवे चोळून भरावे आणि वरचे सगळे पुसून काढावे. वाळल्यावर बारीक पेपर फिरवून धूळ झाडावी.

कापडाची बाब

इथे आमचे थोडे ऐकावे. पॉलिशच्या बोळ्यात आत कापूस किंवा लोकर आणि वर मलमल असते. कोरे कापड घेऊ नये, त्यात कांजी असते. पुष्कळदा धुतलेली जुनी पांढरी सुती मलमल उत्तम. पॉलिएस्टर मिसळलेले कापड स्पिरिट नीट शोषत नाही, आणि रंगीत कापडाचा रंग सुटतो. चार पैसे वाचवायला शिलाईच्या दुकानातली मिळेल ती चिंधी उचलू नये.

चपडीतही भेसळ चालते, तिच्यात राळ मिसळतात. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या नियमात एक लिटर स्पिरिटला १४० ग्रॅम शुद्ध चपडी सांगितली आहे. पातळ हात अनेक द्यावेत, जाड हात एकही नको. पॉलिश लोखंडी डब्यात ठेवू नये, काळवंडते. स्पिरिट जवळ असताना विडी आणि चूल दूर ठेवावी.

हिशेबाची गोष्ट

प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी व्यापाऱ्याला विचारले. हा प्रसंग आपण सर्व जाणतो. ओल्या व्हिनिअरवर चमक चढवून माल देणे याहून वेगळे नाही.

म्हणून कारागीर बंधूंनी काम घेतानाच बोलून घ्यावे. वाळवण आणि घासकामाचे दिवस हिशेबात वेगळे लिहावेत, त्यांची मजुरी वेगळी सांगावी, आणि पावसाळ्यात तारीख पुढे जाऊ शकते हे बयाणा घेतानाच कागदावर घालावे. दोन गिऱ्हाइके नाराज होऊन जातीलही. पण जी राहतील ती रक्कम अडवणार नाहीत, आणि इन्शाअल्लाह पुढच्या वर्षी शेजाऱ्यालाही घेऊन येतील.