सक्करदऱ्याचा बाजार आणि मनाचा रोजमेळ

नागपूरच्या सक्करदरा परिसरातील बुधवार बाजारात दुपार कलल्यानंतर गर्दी वाढू लागते. भाजीवाल्यांच्या हाका, तराजूंचा खणखणाट, लगतच्या दुकानांत गिऱ्हाइकांची घासाघीस. कुणालाच क्षणाची उसंत नसते. रात्री शटर ओढण्यापूर्वी व्यापारी मात्र निवांत बसून रोजमेळ लिहितो. दहा रुपयांची तफावत आली तरी पुन्हा बेरीज करतो. दुपारच्या धांदलीत हमालाला उद्देशून सुटलेल्या कठोर शब्दाची नोंद मात्र कोणत्याच वहीत होत नाही.

आपल्या उपदेशात भगवान बुद्धांनी याच दुकानदाराचा दाखला दिला आहे. अंगुत्तर निकायातील एका सूत्राचा आशय असा, की जो दुकानदार सकाळी, दुपारी आणि सायंकाळी आपल्या व्यवसायात मन घालत नाही, त्याची संपत्ती वाढत नाही. त्याचप्रमाणे जो साधक या तिन्ही वेळी चित्त एकाग्र करीत नाही, त्याची आध्यात्मिक प्रगती होत नाही. व्यापाराची दक्षता आणि साधनेची दक्षता त्यांनी एकाच मापाने मोजली.

जैन कुटुंबांना हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. चालताना, बोलताना, वस्तू उचलता-ठेवताना पाळायची यतना, अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक आणि दिवसभराच्या दोषांची आलोचना करणारे प्रतिक्रमण ही सजगतेचीच साधने होत. उत्तराध्ययन सूत्राच्या दहाव्या अध्ययनात भगवान महावीर गौतमांना क्षणभरही प्रमाद न करण्याविषयी पुनःपुन्हा बजावतात. बुद्धांचा अखेरचा उपदेशही अप्रमादाचाच आहे. दोन्ही दर्शनांत भेद निश्चित आहे. जैन दर्शन शाश्वत आत्मा मानते, तर बौद्ध दर्शन अनात्मवाद सांगते. हा भेद झाकण्याची गरज नाही. अनेकांताची दृष्टी असणाऱ्याला भेद मान्य करूनही शिकता येते.

असाच संकोच एका व्यापाऱ्यालाही वाटला होता. सत्यनारायण गोयंका यांचा जन्म 1924 मध्ये मंडालेतील मारवाडी कुटुंबात झाला. तीव्र अर्धशिशीने ते त्रस्त होते. मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत. परदेशातील उपचारांनीही गुण आला नाही. अखेर ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गुरू ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते. केवळ डोकेदुखीसाठी ही विद्या मिळणार नाही, ती चित्तशुद्धीसाठी आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. बौद्ध साधनेमुळे आपला धर्म तर सुटणार नाही ना, या शंकेने गोयंका काही महिने थबकले. 1955 मध्ये ते पहिल्या शिबिरास बसले. पुढे ब्रह्मदेशात उद्योगांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यांचे कारखाने गेले. तो मोकळा काळ त्यांनी साधनेत घालविला. 1969 मध्ये ते भारतात आले. इगतपुरीला धम्मगिरी उभी राहिली आणि नागपूरजवळ माहुरझरी येथेही ‘धम्म नाग’ हे विपश्यना केंद्र आहे.

दहा दिवस दुकान बंद ठेवणे प्रत्येकाला साधेलच असे नाही. परंतु सूत्रातील तीन वेळा गल्ल्यावर बसूनही पाळता येतात. सकाळी दुकान उघडल्यावर पहिले गिऱ्हाईक येण्यापूर्वी काही श्वास शांतपणे पाहावेत. दुपारी कुणी महिन्यापूर्वी नेलेले कापड परत करावयास आला, तर उत्तर देण्याआधी छातीत उसळलेली उष्णता, आवळलेला जबडा यांकडे लक्ष द्यावे. वेदना आणि प्रतिक्रिया यांमधील तेवढ्याशा अवकाशात राग बहुधा निवळतो. कापड परत घ्यायचे की नाही, हा निर्णय त्यानंतर घ्यावा. तो अधिक न्याय्य ठरतो.

सायंकाळी रोजमेळ लिहून झाल्यावर वही लगेच मिटू नये. आज कोणाचे मन दुखावले, कोणत्या तोलात लोभ शिरला, हेही आठवावे. त्याचबरोबर उन्हात दिवसभर बसूनही गिऱ्हाइकाला हसतमुखाने मूठभर कोथिंबीर वर घालणारी भाजीवालीही आठवावी. तिच्याकडून मिळालेली प्रेरणा जमेच्या बाजूस धरावी.

आणि तो हमाल? संवत्सरीला सर्वांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले जातेच. परंतु तो उद्या सकाळी पुन्हा दुकानावर येणार आहे. त्याची क्षमा तेव्हाच मागता येईल.