जमिनीखालच्या पाइपमध्ये अडथळा नेमका कुठे? चिल्ड वॉटर बंद न करता असा शोधा

गेल्या उन्हाळ्यात एका हॉस्पिटलच्या कूलिंग सिस्टीमचा डेटा गोळा करणारं सॉफ्टवेअर मी लिहीत होते. कॅम्पसच्या टोकाच्या इमारतीत ऑपरेशन थिएटर होती आणि नेमका तिथेच गारवा पुरेना. प्लांटमधून पाणी ७ अंश सेल्सिअसला निघत होतं, पंप पूर्ण वेगाने चालू होते, तरी शेवटपर्यंत पाणी कमीच पोचत होतं. मधला ९०० मीटर पाइप जमिनीखाली. पाणी बंद करणं शक्यच नव्हतं. मग रस्ता खोदायचा तर कुठे?

आधी तत्त्व समजून घेऊ. पाणी पाइपमधून वाहताना घर्षणामुळे त्याचा दाब हळूहळू कमी होतो. अडथळा असेल तिथे तो एकदम पडतो. म्हणून ठिकठिकाणी दाब मोजायचा. यासाठी पाइप कापावा लागत नाही. व्हॉल्व्ह चेंबरमध्ये हवा किंवा पाणी काढायचा छोटा व्हॉल्व्ह असतो, त्यालाच गेज लावता येतो.

आमच्याकडे अशी चार चेंबर होती, म्हणजे ३०० मीटरचे तीन टप्पे. पाइप सगळीकडे २५० मिलिमीटरचा, मध्ये कुठेही फाटा नाही. दुपारी प्रवाह सेकंदाला १०० लिटर असताना दाब असा पडत होता:

पहिला टप्पा: ०.४ बार
दुसरा टप्पा: ०.९ बार
तिसरा टप्पा: ०.७ बार

सगळे म्हणाले, दुसरा टप्पा खोदा. पण थांबा! दुसऱ्या टप्प्यात पाइप सुमारे ५ मीटर चढतो आणि तिसऱ्यात तेवढाच उतरतो. १० मीटर चढाला साधारण १ बार दाब जातो. म्हणजे आकड्यांमध्ये चढउताराची भेसळ होती. शिवाय प्रत्येक गेजची थोडीफार चूक असतेच.

ही भेसळ काढायची युक्ती सोपी आहे. घर्षणाने पडणारा दाब प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. प्रवाह निम्मा झाला की तो जवळपास पाव होतो. चढउतार मात्र तसाच राहतो, आणि गेजची कायमची चूकही. रात्री एसीची गरज कमी झाली की प्रवाह आपोआप घटतो, म्हणून मुद्दाम काही बंद करावं लागत नाही. आम्ही चारही ठिकाणी दर मिनिटाला नोंद घेणारे डिजिटल गेज लावले आणि त्यांची घड्याळं जुळवली. प्रवाह मोजायला पाइपवर बाहेरून बसणारा अल्ट्रासॉनिक मीटर वापरला. प्रवाहाच्या दिशेने ध्वनी लवकर पोचतो, उलट दिशेने उशिरा. त्या फरकावरून तो वेग काढतो.

रात्री प्रवाह ५० लिटरवर आला तेव्हा आकडे होते ०.१, ०.६ आणि उणे ०.२. उणे म्हणजे उतारामुळे दाब उलट वाढला. आता दुपारच्या आकड्यांतून रात्रीचे वजा करा:

पहिला टप्पा: ०.३
दुसरा टप्पा: ०.३
तिसरा टप्पा: ०.९

सारख्याच लांबीच्या तिसऱ्या टप्प्यात तिप्पट फरक! दोषी तोच. दुसरा बिचारा फक्त चढावर होता.

पुढचं काम म्हणजे आपला बायनरी सर्च: टप्प्याच्या मधे गेज लावायचा आणि कोणता अर्धा भाग गडबड करतोय ते बघायचं. जुन्या ड्रॉइंगमध्ये तिसऱ्या टप्प्याच्या मध्यावर एक चेंबर दिसत होतं, पण ते पेव्हर ब्लॉकखाली गाडलं गेलं होतं. ब्लॉक काढले तर आत बटरफ्लाय व्हॉल्व्ह. काटा ‘उघडा’ दाखवत होता, पण गिअरबॉक्सचा स्टॉप स्क्रू चुकीचा बसवलेला, त्यामुळे आतली चकती अर्धवटच उघडत होती. स्क्रू सैल करून चाक पुढे फिरवलं. पाणी एक मिनिटही बंद झालं नाही. दुसऱ्या दिवशी तिसरा टप्पा बाकीच्यांच्या बरोबरीला आला.

ही पद्धत वापरताना एवढं बघा: टप्प्यामध्ये फाटा असेल तर दोन्हीकडचा प्रवाह वेगळा मोजा, आणि पाइपचा व्यास बदलत असेल तर टप्प्यांची थेट तुलना करू नका. मीटर बसवायला काढलेलं इन्सुलेशन परत नीट लावा, नाहीतर गार पाइपवर दव साचून तो गंजतो.

आणि हो, एकाच वेळच्या आकड्यांवर विसंबून जेसीबी बोलावू नका. आम्ही बोलावला असता, तर चांगला पाइप खोदून बसलो असतो.