बेचिराख गावची पणती

आम्हां मराठीच्या प्राध्यापकांना एक खोड असते. कोणी एखादा शब्द चुकीच्या अर्थाने वापरला, की हातातला चहाचा पेला खाली ठेवून आम्ही त्याची व्युत्पत्ती सांगू लागतो. तीर्थपुरीला ही खोड माझ्या चांगलीच अंगाशी आली, त्याची ही हकीकत.

तीर्थपुरी हे जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातले मोठे गाव. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यात, आणि तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. दसऱ्याच्या आधी मी वर्गाला सांगितले, "आपापले गाव कसे वसले, ते चार पानांत लिहून आणा." मागच्या बाकावरून उत्तर आले, "सर, आमच्या गावाला कसला आलाय इतिहास? लढाई नाही का किल्ला नाही!" वर्ग हसला. मीही हसलो, कारण खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटत होते.

दसरा झाल्यावर तोच मुलगा घरातला एक जुना कागद घेऊन आला. शिवारातल्या एका जागेच्या नावापुढे त्यात शब्द होता 'बेचिराख'. तो म्हणाला, "सर, हे गाव कुणीतरी जाळलं. त्याची राख झाली."

मी पेला खाली ठेवला! म्हटले, "बाबा रे, या शब्दात राख नाही. फारसीत चिराग म्हणजे दिवा. बेचिराग म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते गाव. आपल्या जिभेने त्याचे बेचिराख केले आणि मग सगळ्यांना त्यात राख दिसू लागली. महसुलाच्या कारकुनाला गाव जळाले की नाही याच्याशी कर्तव्य नव्हते. तिथे संध्याकाळी दिवा लागतो का, म्हणजे सारा भरायला कोणी उरले आहे का, एवढेच त्याला पाहायचे होते."

वाचकहो, दख्खनमधली गावे एकदा वसली आणि कायमची राहिली, असे क्वचितच घडले. 1630 ते 1632 च्या दुष्काळाने मुलूख ओस पाडला. 1803 मध्ये याच जिल्ह्यात असईला इंग्रज आणि मराठे लढले आणि त्याच सुमारास पुन्हा मोठा दुष्काळ पडला. माणसे परागंदा होत. मग राज्यकर्ते कौल देऊन त्यांना परत बोलावीत. पहिल्या वर्षी सारा नाममात्र, पुढे दरसाल थोडा थोडा चढता, आणि काही वर्षांनी पुरा; याला इस्तावा म्हणत. गाव वसवणाऱ्याला पाटीलकी मिळे. ज्या गावाला असा वसवणारा भेटला नाही, ते कागदावर बेचिराख राहिले.

दिवाळीच्या सुटीत त्या मुलाबरोबर मी ती जागा पाहायला गेलो. उसाच्या फडांमध्ये एक बुटके टेकाड, आणि त्याची एक बाजू यंत्राने ताजी कापलेली. कापलेल्या कडेला राखाडी, पांढुरके थर दिसत होते आणि त्यांत खापऱ्या अडकल्या होत्या. हीच पांढरी. शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, कारण पिढ्यान्‌पिढ्यांची चुलीची राख, शेणकाला आणि पडलेल्या भिंतींची माती मिळून ही जमीन पांढरी होते. माळवदाच्या छतावर घालायला आणि शेतात खत म्हणून ही माती लोक पूर्वापार नेत आले. पण टोपलीने माती नेणे वेगळे आणि यंत्राने नेणे वेगळे. 1976 साली जायकवाडी धरणाचे उद्घाटन झाले. कालव्याने उसाला पाणी दिले, उसाने जमिनीला भाव आणला आणि त्या भावाने टेकाडांवर यंत्रे आणली.

"हे शेत कुणाचं?" मी विचारले. मुलगा खाली पाहत म्हणाला, "आमचंच."

तेवढ्यात नव्वदीला टेकलेले एक आजोबा काठी टेकीत आले. निजामाचे राज्य, 1948 नंतरचे हैदराबाद राज्य, 1956 चे द्वैभाषिक आणि 1960 चा महाराष्ट्र, हे सारे त्यांनी घरच्या एकाच ओट्यावर बसून पाहिले. 1981 साली औरंगाबाद जिल्ह्यातून जालना निराळा झाला, तेव्हाही ओटा तोच! मी त्यांनाही माझी व्युत्पत्ती ऐकवली. म्हटले, "जिथे दिवा लागत नाही ते बेचिराख."

"लागत नाही कोण म्हणतं?" आजोबा म्हणाले. "आमचं मूळ गाव हेच, गुरुजी. बाप लावायचा, आता मी लावतो. दर दिवाळीला एक पणती." त्यांनी धोतराच्या सोग्यातून पणती काढली.

माझी व्युत्पत्ती शब्दापुरती बरोबर होती; या जागेला मात्र ती लागू नव्हती.

अशा पांढरीत काय असते, याचा पुरावा याच जिल्ह्यात आहे. भोकरदनला 1973 मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी उत्खनन केले. सातवाहनकाळचे ते भोगवर्धन नगर. तिथल्या दात्यांचे लेख सांचीच्या स्तूपावर आहेत. भोकरदनच्या मातीतून हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती निघाली. तिच्याशी जुळणारी मूर्ती सापडली इटलीतल्या पाँपेईत, जे शहर इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीखाली गाडले गेले! प्रत्येक टेकाडात हस्तिदंत निघणार नाही, हे खरे. परंतु माती एकदा उसाच्या फडात पसरली, की कोणता थर आधीचा आणि कोणता नंतरचा, हे सांगायला ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही.

मुलाने चार पानांऐवजी अकरा पाने लिहिली. शेतांची जुनी नावे, आडाची जागा, कोणते घराणे कुठून आले, सारे आजोबांना विचारून लिहिले. वडिलांशी त्याने दोन दिवस वाद घातला. अर्धे टेकाड गेले ते गेलेच; उरलेल्या अर्ध्यावरचे काम वडिलांनी थांबवले आहे. किती दिवस, ते उसाचा भाव ठरवील.

दिवाळीला आपण गावी जाल, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढेच विचारा, की आपण इथे येण्यापूर्वी आपला दिवा कुठे लागत होता? उत्तर मिळाले तर त्याच दिवशी लिहून ठेवा. सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत.