तपासणीच्या कागदावर काय लिहिले आहे?



दवाखान्यातून मिळालेला कागद पुष्कळ घरी न वाचताच आढ्याला खोचला जातो. "पॉझिटिव्ह लिहिलंय, म्हणजे चांगलंच असणार," असे म्हणणारेही भेटतात. तसे नाही. पॉझिटिव्ह म्हणजे जे शोधत होते ते सापडले, निगेटिव्ह म्हणजे सापडले नाही. लघवीवरून केलेली गरोदरपणाची तपासणी पॉझिटिव्ह आली तर दिवस गेले आहेत. गुप्तरोगाची आली तर रोग आहे, आणि मग औषधासाठी नवरा-बायको दोघांनी डॉक्टरांकडे जायचे.

'निल' म्हणजे काही नाही. लघवीत शुगर निल, ॲल्ब्युमिन निल असेल तर ते ठीकच.

'एच.बी.' म्हणजे रक्तातील लाल द्रव्य. बाईचे 12 ग्रॅमच्या खाली, गरोदरपणी 11 च्या खाली आणि पुरुषाचे 13 च्या खाली असेल तर रक्त कमी समजावे. 7 च्या खाली असल्यास स्त्रीची शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. नर्सबाईंनी परत पाठवले म्हणून रागावू नका. त्या देतील त्या लोहाच्या गोळ्या घ्या, फक्त चहाबरोबर नको. शौचास काळी होते, त्याला भिऊ नये.

आता पुरुष नसबंदीचे. यातला सर्वांत महत्त्वाचा कागद शस्त्रक्रियेच्या दिवशी मिळतच नाही. तो तीन महिन्यांनी मिळतो. नस बंद केली तरी तिच्या पुढच्या भागात आधीचे शुक्रजंतू शिल्लक असतात. पाटाचे दार बंद केल्यावर पुढच्या चारीतले पाणी काही वेळ वाहतच राहते, तसेच हे. म्हणून तोवर निरोध वापरायचा, किंवा बायकोने दुसरे साधन वापरायचे.

तीन महिन्यांनी वीर्य तपासून घ्या. कागदावर 'शुक्रजंतू निल' किंवा 'ॲझूस्पर्मिया' असे येईल. शब्द रोगासारखा वाटतो खरा, पण नसबंदी केलेल्या गड्याच्या कागदावर त्याचा अर्थ शस्त्रक्रिया यशस्वी झाली असाच आहे. 'मोटाइल' लिहिले असेल तर हालचाल करणारे शुक्रजंतू अजून आहेत. निरोध चालू ठेवा व डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासणी करा. (वीर्य पूर्वीसारखेच येते, ताकदही कमी होत नाही. हा प्रश्न प्रत्येक गावात विचारला जातो, म्हणून लिहिले.)

हा कागद न घेतल्यामुळे घरे मोडायची वेळ येते. शस्त्रक्रियेला दोन महिने होतात न होतात तोच बाईला दिवस जातात, आणि सासू, भाऊबंद तिच्याकडे बोट दाखवतात. "त्याचं तर ऑपरेशन झालंय, मग हे कसं?" ते चारीतले पाणी असते! तिचा काय दोष? अशा वेळी तिला बोल लावण्याआधी नवऱ्याने वीर्य तपासून घ्यावे. फार क्वचित कापलेली नस पुन्हा जुळते, त्यामुळे एकदा निल आल्यावरही पुढे कधी दिवस गेले तरी आधी हीच तपासणी करावी.

नमुना केंद्रातून मिळालेल्या कोरड्या, स्वच्छ बाटलीतच द्यावा. निरोधातून काढून नेऊ नये. त्याच्या वंगणाने शुक्रजंतू मरू शकतात आणि तपासणी चुकते. घरून आणायचा तर तासाभरात पोचवा. कागदावर स्वतःचे नाव व तारीख आहे ना, हे तिथेच पाहून घ्या. नसबंदीचा दाखला हा कागद पाहूनच मिळतो.