दोन मुठी आणि एक बिल्ला

राष्ट्रगीताचे सूर कानी पडले की आपण असू तिथे ताठ उभे राहतो. शाळेत लागलेली ही सवय आयुष्यभर सुटत नाही आणि सुटूही नये. म्हणूनच देशासाठी पदक जिंकणाऱ्यानेच राष्ट्रगीताच्या वेळी निषेध केला, असे ऐकले की मनाला धक्का बसतो, रागही येतो. पण रागावण्याआधी १६ ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिको सिटीत काय घडले ते नीट पाहायला हवे.

त्या दिवशी ऑलिंपिकच्या २०० मीटर्स शर्यतीत अमेरिकेचा टॉमी स्मिथ १९.८३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह पहिला आला. दुसरा ऑस्ट्रेलियाचा गोरा धावपटू पीटर नॉर्मन, तिसरा अमेरिकेचाच जॉन कार्लोस. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या होऊन जेमतेम सहा महिने लोटले होते. स्मिथ आणि कार्लोस हे दोघे कृष्णवर्णीय खेळाडू बूट न घालता, नुसत्या काळ्या मोज्यांनिशी विजयमंचावर चढले. आपल्या समाजाच्या दारिद्र्याची ती खूण होती. राष्ट्रगीत सुरू होताच दोघांनी माना खाली घातल्या आणि काळा हातमोजा घातलेली एकेक मूठ उंचावली. स्मिथची उजवी, कार्लोसची डावी. कार्लोस आपले हातमोजे विसरून आला होता. एकच जोडी दोघांत वाटून घ्या, हे सुचवले नॉर्मनने!

छायाचित्रात नॉर्मन नुसताच उभा दिसतो. मात्र त्याच्या छातीवर मानवी हक्कांच्या चळवळीचा तोच बिल्ला आहे, जो त्या दोघांच्या छातीवर आहे. त्याने तो आपणहून मागून घेतला होता.

शिक्षा लगेच झाली. स्मिथ आणि कार्लोस यांना संघातून काढून क्रीडाग्रामाबाहेर घालवण्यात आले. मायदेशी त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. कारवाईचा आग्रह धरणारे ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष अ‍ॅव्हरी ब्रन्डेज १९३६ मध्ये अमेरिकन ऑलिंपिक समितीचे प्रमुख होते. बर्लिनमधल्या नाझी सलामीला मात्र त्यांनी आक्षेप घेतला नव्हता.

त्याच स्पर्धेत चेकोस्लोव्हाकियाची जिम्नॅस्ट वेरा चास्लावस्का सोव्हिएत राष्ट्रगीत वाजताना मान खाली घालून तोंड फिरवून उभी राहिली. दोनच महिन्यांपूर्वी सोव्हिएत रणगाडे तिच्या देशात घुसले होते. तिचे कौतुक करणे आपल्याला सोपे जाते, कारण ते गीत परक्यांचे होते. स्मिथ आणि कार्लोस यांच्यापुढे स्वतःच्या देशाचे गीत होते. घरच्या माणसांना त्यांची चूक सांगणे नेहमीच अधिक अवघड असते, आणि ऐकून घेणे त्याहून अवघड. २०१६ साली अमेरिकन फुटबॉलपटू कॉलिन कॅपर्निक पोलिसी अत्याचारांच्या निषेधार्थ गुडघा टेकून बसला, तेव्हाही हेच दिसले. पुढल्या मोसमापासून एकाही संघाने त्याला घेतले नाही.

आणि नॉर्मन? १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकसाठी त्याची निवड झाली नाही. बिल्ल्याचीच ही शिक्षा, असे अनेकांचे मत. ऑस्ट्रेलियाच्या ऑलिंपिक समितीला ते मान्य नाही. २००६ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या शवपेटीला खांदा द्यायला स्मिथ आणि कार्लोस मेलबर्नला आले. २०१२ साली ऑस्ट्रेलियाच्या संसदेने त्याची माफी मागितली. ऐकायला तो नव्हता.

स्मिथ आणि कार्लोस ज्या सॅन होजे विद्यापीठात शिकले, तिथे २००५ मध्ये त्या प्रसंगाचा पुतळा उभा राहिला. त्यात दुसऱ्या क्रमांकाची पायरी मोकळी आहे. ही नॉर्मनचीच इच्छा होती. येणाऱ्या कुणालाही तिथे उभे राहता यावे, म्हणून.

राष्ट्रगीताला ताठ उभे राहायला आपण मुलांना शिकवतोच, शिकवायलाच हवे. कधीतरी रविवारी निवांत बसून त्यांना या मोकळ्या पायरीचीही गोष्ट सांगावी. आपण तिथे चढलो असतो का, असे त्यांनी विचारले, तर उत्तर द्यायला थोडा वेळ घ्यावा.