माईंची तालीम, ताईंचे गाणे

अपत्याचा उत्कर्ष पाहून आईबापांस होणारा आनंद गवयाच्या घरी सहसा बोलून दाखविला जात नाही. कारण जेथे जननी हीच गुरू, तेथे शाबासकी लवकर दिली की तालीम सैल पडते, अशी जुन्या परंपरेची धारणा आहे. तिचा आपल्याकडील ठळक दाखला म्हणजे गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर ऊर्फ माई आणि त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर.

१९०४ साली गोव्यातील कुर्डी गावी जन्मलेल्या मोगूबाई बालपणी नाटकमंडळ्यांतून वावरल्या. सांगलीस जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांची तालीम लाभली, ती पुढे खंडित झाली, तेव्हा आग्रा घराण्याच्या उस्तादांपुढे बसल्या, आणि अखेर पुनश्च खाँसाहेबांच्याच शागीर्द झाल्या. एवढ्या सायासाने संपादिलेली विद्या मुलीस देताना माईंनी हात आखडता घेतला नाही; सवलत मात्र तिळमात्र दिली नाही. स्थायी-अंतरा दोन-तीनदा म्हणून दाखवायचा आणि तेवढ्यात मुलीने त्यातील प्रत्येक वळण उचलायचे, हा त्यांचा शिरस्ता किशोरीताईंनीच वेळोवेळी सांगितला आहे. त्रयस्थास यात कठोरपणा दिसेल; मला तर असे वाटते की, ज्याच्या ग्रहणशक्तीविषयी गुरूच्या मनात संदेह नाही, त्यालाच असे शिकविण्याचे धाडस होते.

पुढे ताईंनी १९६४ सालच्या ‘गीत गाया पत्थरों ने’ या चित्रपटासाठी पार्श्वगायन केले, तेव्हा माईंची नाराजी लपली नाही: चित्रपटात गायचे असेल तर माझ्या तानपुऱ्यांना हात लावावयाचा नाही, अशा आशयाची ताकीद मिळाली. पण याच माईंनी लेकीस भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांसारख्या अन्य गुरूंकडे शिकण्याची मुभाही दिली होती, हे विसरून चालणार नाही. जयपूर-अत्रौली गायकी ही लयीच्या अंगाने बांधेसूद चालणारी, अनवट व जोडरागांत रमणारी, पेचदार तानांची. तीत ताईंनी संथ, भावाकुल आलापीस प्रशस्त जागा करून दिली, आणि हे जयपूर घराण्याचे गाणे नव्हेच, असा बोभाटा काही जाणकारांनी केला. घराण्याची चौकट लेकीने रुंद केली खरी, परंतु ती रुंद करण्याइतके बळ तिच्या गळ्यात आले ते माईंच्या त्या निष्ठुर शिस्तीतूनच.

मोगूबाईंस १९७४ साली पद्मभूषण मिळाले, किशोरीताईंस १९८७ साली. २००१ साली निवर्तलेल्या माईंनी लेकीचा हा सन्मान पाहिला.

अभिमानाचा हा व्यवहार एकतर्फी मात्र नव्हता. आईच्या साथीस तानपुरा घेऊन गावोगाव हिंडताना, एवढ्या थोर गायिकेच्या हाती पडणारी तुटपुंजी बिदागी आणि उतरण्याच्या जागेची हेळसांड ताईंनी डोळ्यांनी पाहिली होती. संयोजकांशी पुढे त्या ज्या करारीपणाने वागत, आणि ज्याला लोक सर्रास लहरीपणा म्हणत, त्याचे मूळ या प्रवासांत होते, असे त्या स्वतःच सांगत.