कॅमेऱ्यातील प्रकाशमापक

सन १९६७ मध्ये जपानातील ऑलिंपस कंपनीने 'ट्रिप ३५' हा कॅमेरा बाजारात आणला. त्याच्या भिंगाभोवती एक दाणेदार पारदर्शक वलय असते. त्याखाली सेलेनियमचा थर असतो. थरावर प्रकाश पडताच क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, आत एक नाजूक काटा हलतो आणि त्याच्या स्थितीप्रमाणे भिंगाचे छिद्र लहानमोठे होते. बॅटरी मुळी लागतच नाही!

परंतु कालांतराने हा थर दुबळा होतो. भर उन्हातही कॅमेऱ्याला अंधार भासतो, तो छिद्र मोठे करतो आणि चित्रे फिकट येतात. हे कळते ते फिल्म धुतल्यावर. छत्तीस चित्रे तोवर वाया गेलेली असतात! म्हणून फिल्म भरण्यापूर्वीच परीक्षा घ्यावी.

छिद्राचे कडे 'ए' या खुणेवर ठेवावे, वलय तळहाताने झाकावे व कळ दाबावी. डोळा लावण्याच्या खिडकीत तांबडी पट्टी दिसली पाहिजे आणि झडप उघडता कामा नये. उघडलीच, तर काटा अडकला आहे असे समजावे. मग उजेडात हात काढून कळ दाबावी. तेथेही तांबडी पट्टी दिसली, तर प्रवाह काट्यापर्यंत पोहोचत नाही.

कुशल कारागीर प्रथम तारेचा सांधा तपासतो. सांधा तुटला असेल, तर डाग देऊन काम भागते. थरच मेला असेल, तर मात्र दुसऱ्या मोडक्या 'ट्रिप'मधील वलय काढून बसवावे लागते.